घाटातील मालमोटार आणि इंधनाचे माप : कार्ब्युरेटर की अंतःक्षेपण?

पोलादपूर भागातून आमच्या विभागात पदव्युत्तर अभ्यासासाठी आलेल्या एका विद्यार्थ्याने मागील सत्रात एक प्रश्न विचारला. त्याच्या घरी लष्कराच्या लिलावातून घेतलेली एक जुनी पेट्रोलची मालमोटार आहे. जबलपूरच्या वाहन कारखान्यात निस्सान कंपनीच्या परवान्याने बांधलेल्या, एक टनी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गाड्यांपैकी ती एक. एंजिन सहा सिलिंडरांचे, सुमारे चार लिटरचे. जांभ्याचे चिरे, सिमेंटची पोती, गवताचे भारे असा माल आंबेनळी घाटाच्या अंगाखांद्यावरील वाड्यांपर्यंत पोहोचविण्याचे काम ती करते. वैशाखात चढणीवर ती मध्येच बंद पडते, तीव्र वळणावर अडखळते आणि पेट्रोल बेसुमार पिते. महाडच्या एका कारागिराने सांगितले, 'कार्बोरेटर फेकून द्या, मोडीत निघालेल्या मोटारीचे इंजेक्शन बसवू.' दुसऱ्याने सांगितले, 'एंजिनच बदला, डिझेल घाला.' विद्यार्थ्याचे वडील म्हणाले, 'एवढे शिकतोस, तर तूच सांग काय करावे ते.'

हा प्रश्न वरकरणी दिसतो तितका साधा नाही हे चर्चेच्या ओघात ध्यानात आले. प्रस्तुत लेख त्या चर्चेवर आधारलेला आहे. पाठ्यपुस्तकात कार्ब्युरेटर व इंधन-अंतःक्षेपण यांची तुलना सामान्यतः प्रयोगशाळेतील सपाट पायावर उभ्या असलेल्या एंजिनाच्या संदर्भात केलेली असते. महाड-पोलादपूरचा रस्ता सपाट नाही. मुंबई-गोवा महामार्ग, ज्याचा क्रमांक पूर्वी १७ होता व आता ६६ आहे, तो महाडपर्यंत बहुतांशी सावित्रीच्या खोऱ्याच्या पातळीवर राहतो आणि पोलादपूर ओलांडताच कशेडीचा घाट चढू लागतो. पोलादपुराहूनच पूर्वेस आंबेनळी घाट फुटतो आणि सुमारे ४० किलोमीटरांत मोटारीला समुद्रसपाटीलगतच्या खोऱ्यातून १,३५० मीटर उंचीच्या महाबळेश्वरी नेऊन सोडतो. महाडहून भोरकडे जाणारा वरंधा घाट तिसरा. एकाच तालुक्याच्या ठिकाणाहून सकाळी निघालेली गाडी दुपारपर्यंत हवेचा दाब, उष्णतामान, उतार या तिन्ही बाबतींत निराळ्या प्रदेशांतून जाऊन येते. इंधन मोजणाऱ्या यंत्राची याहून कठोर परीक्षा योजून घेणे कठीण आहे.

प्रथम कार्ब्युरेटर काय करतो ते पाहू. एंजिनाने ओढलेली हवा एका अरुंद कंठातून जाते. कंठात तिचा वेग वाढतो व बर्नुलीच्या नियमानुसार दाब घटतो. फ्लोटच्या वाटीतील पेट्रोल वातावरणाच्या दाबाखाली असल्यामुळे ते जेटमधून कंठाकडे ढकलले जाते. म्हणजे कार्ब्युरेटर हवा मोजून त्या प्रमाणात इंधन देतो असे आपण म्हणतो खरे, पण काटेकोरपणे पाहिले तर तो हवेचे वजन मोजत नाही. तो हवेच्या वेगामुळे पडलेला दाबाचा फरक मोजतो. या दोहोंतील अंतर सपाटीवर लपून राहते आणि घाटात उघडे पडते.

हा फरक आकड्यांत मांडणे सोपे आहे. कंठातील दाबाची घट ही हवेची घनता गुणिले वेगाचा वर्ग या प्रमाणात असते. जेटमधून वाहणारे इंधन त्या घटीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात, म्हणजे वेग गुणिले घनतेचे वर्गमूळ या प्रमाणात येते. हवेचे वजन मात्र वेग गुणिले घनता या प्रमाणात असते. तेव्हा इंधन व हवा यांचे गुणोत्तर घनतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. प्रमाणभूत वातावरणात १,३५० मीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ८८ टक्के भरते. ०.८८ चे वर्गमूळ सुमारे ०.९४, म्हणून महाडला बरोबर बसविलेले मिश्रण महाबळेश्वरी सुमारे ७ टक्क्यांनी समृद्ध होते. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी इंधनाच्या एका भागास हवेचे १४.७ भाग वजनाने लागतात; महाडला नेमके तेवढे देणारा कार्ब्युरेटर वर गेल्यावर १३.८ भागच देईल. हा दोष लहान आहे, पण सतत लागणारा आहे. कशेडीची उंची आंबेनळीच्या मानाने फारच कमी असल्यामुळे तेथे हा विचार जवळजवळ गैरलागू ठरतो. कशेडीत पेट्रोलची गाडी बंद पडली, तर कारण विरळ हवेत शोधू नये.

येथे एक गमतीची गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. इंधन द्रव नसून वायू असेल आणि ते वातावरणाच्याच दाबाला बांधलेल्या नियामकातून येत असेल, तर उंचीवर हवेबरोबर त्या वायूची घनताही त्याच प्रमाणात घटते आणि वरील सूत्रातील वर्गमुळाचा घोटाळा आपोआप मिटतो. दाबित नैसर्गिक वायूच्या जुन्या मिक्सरला, म्हणजे एका अर्थी वायूच्या कार्ब्युरेटरला, घाट चढताना मिश्रण बिघडण्याची भीती जवळजवळ नसते. साधे यंत्र कोठे पुरते व कोठे अपुरे पडते हे यंत्राइतकेच इंधनावरही अवलंबून असते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

आता वळणावरील अडखळण्याकडे वळू. फ्लोटच्या वाटीतील पेट्रोलची पातळी व जेटच्या नळीचे तोंड यांत सामान्यतः ५-६ मिलिमीटरांचे अंतर ठेवलेले असते, अन्यथा उभ्या गाडीतही पेट्रोल गळू लागेल. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांनुसार तीव्र डोंगराळ प्रदेशातील रस्त्याचा प्रमाण-चढ ६ टक्के धरला जातो. वाटी आणि नळी यांत ५ सेंटिमीटर अंतर असेल, तर ६ टक्के चढावर पेट्रोलची पातळी नळीपाशी ३ मिलिमीटरने वर अथवा खाली जाते. कोणत्या दिशेने जाईल हे वाटी नळीच्या पुढे आहे की मागे यावर ठरते. याशिवाय नागमोडी वळणाची त्रिज्या १५ मीटर व वेग ताशी १५ किलोमीटर धरला, तर बाजूचे त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १२ टक्के होते. तेवढ्याच अंतरावर पातळीत ६ मिलिमीटरांचा फरक पडतो. म्हणजे राखून ठेवलेली सारी पातळी एका वळणात संपली! एका हाताच्या वळणावर पेट्रोल ओसंडते, दुसऱ्या हाताच्या वळणावर नळी कोरडी पडते. चालकाला हे अनुभवाने ठाऊक असते. तो 'डावीकडे वळली की मिस करते' असे सांगतो, आणि कारागीर त्या सांगण्याकडे दुर्लक्ष करून प्लग साफ करीत बसतो. वस्तुतः चालकाच्या त्या एका वाक्यात संपूर्ण निदान आहे.

वैशाखातील बंद पडणे हे तिसरेच दुखणे. जुन्या गाडीत पेट्रोल ओढणारा पडद्याचा पंप एंजिनाच्या अंगालाच बसविलेला असतो व तो टाकीतून पेट्रोल शोषून घेतो. म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत दाब वातावरणाहूनही कमी असतो. पेट्रोलचे हलके घटक ४० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळू लागतात. खालच्या गिअरमध्ये, मंद गतीने, भरल्या वजनाने चढताना बॉनेटखालील उष्णता वाढत जाते, समोरून वारा मिळत नाही, आणि नळीत पेट्रोलऐवजी त्याची वाफ भरते. पंप वाफ ओढत राहतो. एंजिनाला काही मिळत नाही. मग पंपावर ओले फडके टाकून गाडी झाडाखाली अर्धा तास उभी करावी लागते. पेट्रोल-अंतःक्षेपणात हे दुखणे मुळातच उरत नाही, कारण तेथे विजेचा पंप टाकीत अथवा टाकीलगत बसून पेट्रोल सुमारे ३ बार दाबाने पुढे ढकलतो, आणि दाबाखाली पेट्रोल सहजी उकळत नाही. हा अंतःक्षेपणाचा खरा लाभ आहे. पण तो अंतःक्षेपणाचा लाभ नसून पंपाच्या जागेचा लाभ आहे, हे विसरू नये. कार्ब्युरेटर तसाच ठेवून टाकीजवळ कमी दाबाचा विजेचा पंप बसविला, पेट्रोलची नळी धुराड्यापासून दूर नेली आणि मध्ये पत्र्याचा आडोसा दिला, तर त्याच लाभाचा मोठा भाग अल्प खर्चात पदरात पडतो.

येथवर केवळ पेट्रोलचा विचार झाला. आपल्या देशात मालमोटारींच्या बाबतीत निवड निराळ्याच मार्गाने झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर महाराष्ट्रातील रस्त्यांवर अमेरिकी व ब्रिटिश बनावटीच्या पेट्रोल मालमोटारींचा भरणा मोठा होता. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज व फार्गो गाड्या निघू लागल्या; १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली बस पुणे-अहमदनगर मार्गावर धावली ती बेडफोर्ड कंपनीची होती. पुढे बंगलोरला १९५१ साली बॉशच्या सहकार्याने मायको कंपनी निघाली, आणि १९५४ साली टेल्कोने डाइम्लर-बेन्झशी करार करून जमशेदपूरला डिझेल मालमोटारी बांधावयास घेतल्या. मद्रासच्या सिम्प्सन कंपनीने पर्किन्सचे पी-६ हे डिझेल एंजिन बनवावयास आरंभ केल्यावर जुन्या पेट्रोल गाड्यांत तेच एंजिन बसविण्याची प्रथाच पडली. मायको स्पार्क प्लगही बनवीत असे आणि डिझेलचे अंतःक्षेपण पंपही. एकाच छपराखाली जुन्याची सोय आणि नव्याची तयारी दोन्ही चालू होती असे म्हणावयास हरकत नाही. सारांश, युरोप-अमेरिकेत हलक्या गाड्या कार्ब्युरेटरकडून पेट्रोल-अंतःक्षेपणाकडे गेल्या, तर आपल्या जड मालमोटारी कार्ब्युरेटरकडून थेट डिझेल-अंतःक्षेपणाकडे गेल्या. मधली पायरी आपण चढलोच नाही.

याचे कारण घाटातच सर्वांत स्पष्ट दिसते. दहा टन एकूण वजनाची मालमोटार पोलादपुराहून महाबळेश्वरी चढविणे म्हणजे दहा हजार किलोग्रॅम सुमारे १,३०० मीटर उचलणे; त्यास १२७ मेगाजूल ऊर्जा केवळ उचलण्यासाठी लागते, रस्त्याचे घर्षण वेगळे. जुन्या पेट्रोल एंजिनाची प्रत्यक्ष कार्यक्षमता २२ टक्के व डिझेलची ३२ टक्के धरली, आणि पेट्रोलच्या एका लिटरात ३२ व डिझेलच्या एका लिटरात ३६ मेगाजूल उष्णता मानली, तर पेट्रोल सुमारे १८ लिटर आणि डिझेल सुमारे ११ लिटर जळते. वर डिझेलचा भाव दीर्घकाळ पेट्रोलहून पुष्कळच कमी राखण्यात आला होता. २०१० साली पेट्रोलचे व २०१४ साली डिझेलचे भाव सरकारी नियंत्रणातून मुक्त झाल्यानंतर ही तफावत बरीच घटली, पण लिटरांतील फरक सरकारी धोरणाने निर्माण केलेला नाही. तो संपीडनाच्या गुणोत्तरातून येतो. त्या काळच्या पेट्रोल एंजिनात हे गुणोत्तर ७ च्या आसपास असे, डिझेलमध्ये १६ ते १८. पेट्रोल व हवा आधीच मिसळून दाबावयाची असल्यामुळे फार दाबल्यास मिश्रण अवेळी पेटते. डिझेल एंजिन केवळ हवा दाबते व इंधन शेवटच्या क्षणी आत सोडते, म्हणून ते मोकळेपणाने दाबू शकते. अंतःक्षेपणाचे खरे महत्त्व येथे आहे. मोजमाप अधिक अचूक होते हा भाग दुय्यम. इंधन केव्हा द्यावयाचे याचे स्वातंत्र्य मिळते हा भाग प्रधान.

या स्वातंत्र्याची किंमत कोणती, हेही पाहिले पाहिजे. सहा सिलिंडरांचे, ९७ मिलिमीटर व्यासाचे व सुमारे ५.७ लिटरचे एक परिचित एंजिन घ्या. टाटांच्या ६९७ या क्रमांकात सिलिंडरांची संख्या व व्यास दोन्ही दडलेले आहेत, हे विद्यार्थ्यांना सांगितले की त्यांस मौज वाटते. २,००० फेऱ्यांवर शंभर अश्वशक्ती देताना ते तासाला सुमारे १७ किलोग्रॅम डिझेल जाळते. तेवढ्या वेळात ३ लाख ६० हजार अंतःक्षेपणे होतात. भागाकार केल्यास एका वेळी ४७ मिलिग्रॅम, म्हणजे ५७ घन मिलिमीटर डिझेल, जवळजवळ पाण्याच्या एका थेंबाएवढे, सुमारे दोन सहस्रांश सेकंदात, दोनशे बारच्या आसपास दाबाने उघडणाऱ्या नोझलमधून द्यावयाचे, आणि साही सिलिंडरांना सारखे द्यावयाचे. यासाठी पंपातील दट्ट्या व त्याचे घर यांतील फट दोन-तीन मायक्रॉनची ठेवावी लागते. कार्ब्युरेटरचा जेट चिंधीने पुसून, तोंडाने फुंकून परत बसविता येतो. पंपाला ते चालत नाही. त्याला कॅलिब्रेशनचे यंत्र लागते, स्वच्छ खोली लागते, आणि नळीत शिरलेली 'एअर' काढण्याचे ज्ञान निदान चालकाला तरी असावे लागते.

तथापि कोकणातील पावसाळा या हिशेबात डिझेलच्या बाजूने उभा राहतो. पेट्रोलच्या गाडीला ठिणगी लागते. आषाढात आंबेनळीच्या ढगांत शिरल्यावर गॅरेजमध्ये ज्याला डेल्को म्हणतात त्या डिस्ट्रिब्यूटरच्या झाकणात ओल धरते आणि ठिणगी भलतीकडेच पळते. जुन्या डिझेलला एकदा सुरू झाल्यावर विजेची गरजच नसे.

जुन्या म्हणण्याचे कारण असे की, आजची डिझेल मालमोटार तशी राहिलेली नाही. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ ची मानके देशभर लागू झाली. नव्या मालमोटारीत दट्ट्यांच्या रांगेच्या पंपाऐवजी सामाईक नळीत पंधराशे ते दोन हजार बार दाबाने डिझेल साठविले जाते आणि ते केव्हा, किती वेळ व किती वेळा सोडावयाचे हे एक लहान गणकयंत्र ठरविते. उंचीचा दोष त्याने दूर केला. जुना पंप विरळ हवा ओळखीत नसे. महाडला ठरविलेला पूर्ण हप्ता तो महाबळेश्वरीही तसाच देई, हवा १२ टक्क्यांनी कमी पडे आणि काळा धूर निघे. 'डिझेल-अंतःक्षेपण उंचीला जुमानीत नाही' असे विधान उत्तरपत्रिकांत वारंवार आढळते. ते चुकीचे आहे. जुन्या पंपाला उंची समजत नव्हती एवढेच खरे. टर्बोचार्जर व दाबमापक संवेदक आल्यावर ती समजू लागली.

परंतु याच भागात २२ जुलै २०२१ च्या सुमारास सावित्री-गांधारीच्या महापुराने महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली, हे विसरून तंत्राची निवड करता येणार नाही. २००५ च्या जुलैमध्येही या तालुक्याने पूर व दरडी अनुभवल्या होत्या. पुरात बुडालेल्या गाडीच्या कार्ब्युरेटरची वाटी उघडून पाणी ओतून द्यावे, टाकी साफ करावी, डेल्को व प्लग वाळवावेत, तेल बदलावे, की एंजिन बहुधा चालू होते. जुन्या डिझेलच्या टाकीत पाणी गेले तर फिल्टर व पंप उघडावा लागतो. खर्च आहे, पण काम तालुक्याच्या ठिकाणी होते. नव्या उच्च दाबाच्या पंपात डिझेलबरोबर पाणी गेले, तर वंगणच हरवते, पंपाचे पृष्ठभाग घासले जातात व धातूचा चुरा थेट नोझलांपर्यंत पोहोचतो. मग सारीच मालिका बदलावी लागते. गणकयंत्राच्या जोडण्यांत गाळ शिरला तर निराळेच. म्हणून महाडच्या सखल भागात गाडी उभी करणाऱ्याने नवी गाडी घेऊ नये असे नव्हे. पण नदीची पातळी वाढू लागली की प्रथम गाडी उंचावर न्यावी आणि बुडालेली गाडी ओढून काढल्यावर चावी फिरवून पाहण्याचा मोह टाळावा, हे मात्र त्याला सांगितले पाहिजे. कार्ब्युरेटरच्या काळी ती चावी फिरविण्याने फारसे बिघडत नसे.

आणि आता उतार. चढणीवर पैसा खर्च होतो. उताराला माणसे दगावतात. या विषयावरील लेखनात उताराचा विचार क्वचितच आढळतो, म्हणून तो येथे थोडा विस्ताराने करावासा वाटतो. दहा टनांची गाडी महाबळेश्वराहून पोलादपुरास उतरते तेव्हा वर नेताना साठविलेले १२७ मेगाजूल परत मिळतात आणि ते कोठेतरी खपवावे लागतात. ताशी २५ किलोमीटर वेग धरल्यास, रस्त्याचे घर्षण वजा जाता, सरासरी १४ किलोवॅट, आणि ६ टक्क्यांच्या तुकड्यांवर ३२ किलोवॅट शक्ती ब्रेक व एंजिन यांनी मिळून शोषून घ्यावी लागते. एकेक किलोवॅटच्या चौदा शेगड्या दीड तास सतत पेटवून चाकांच्या ड्रमवर ठेवल्या आहेत अशी कल्पना करावी. ड्रम तापून फुगतो, अस्तर जळते, ब्रेकचा पाय तळाला लागतो. म्हणून घाट ज्या गिअरात चढलो त्याच गिअरात उतरावा, ही जुनी शिकवण.

पण जुन्या पेट्रोल चालकाला एक प्रलोभन होते. पायाखालचे पेडल सोडल्यावर कार्ब्युरेटरची पाकळी मिटते, एंजिन मात्र चाकांच्या ओढीने वेगात फिरत राहते. पाकळीच्या पलीकडे मोठे निर्वात निर्माण होते आणि ते मंद गतीच्या छिद्रातून पेट्रोल ओढीतच राहते. हे पेट्रोल जवळजवळ वाया जाते, धुराड्यात फटाके वाजतात. चालकाने हे पाहिले आणि निष्कर्ष काढला की न्यूट्रल करून उतरल्यास एंजिन मंद फिरते आणि पेट्रोल वाचते. निष्कर्ष धोक्याचा होता, पण त्या यंत्रापुरता चुकीचा नव्हता. अंतःक्षेपणाच्या एंजिनात मात्र तो उलटा झाला आहे. गाडी गिअरमध्ये असून पेडल सोडलेले असेल, तर डिझेलचा गव्हर्नर अथवा गणकयंत्र इंधन पूर्णपणे बंद करते. एंजिन एक थेंबही न घेता चाकांकडून फिरविले जाते. न्यूट्रल केल्यास त्याला स्वतःच्या बळावर फिरत राहण्यासाठी इंधन द्यावेच लागते. तासाला दीड-दोन लिटर धरले, तर या उतारात न्यूट्रलवाला चालक अडीच-तीन लिटर डिझेल अधिक जाळून वर ब्रेकही जाळतो. कार्ब्युरेटर गेला, त्याची सवय राहिली; आणि ही सवय वाचवितो असे वाटणारे इंधन प्रत्यक्षात खर्च करते, हे चालकांच्या प्रशिक्षणात कोणीतरी आकड्यांनिशी सांगावयास हवे.

डिझेलच्या पक्षाचा एक उणेपणाही येथे नोंदविला पाहिजे. पेट्रोल एंजिनात मिटलेल्या पाकळीमागून हवा ओढण्याचे श्रम हाही ब्रेकचाच एक भाग असतो. डिझेलला पाकळी नाही. दाबलेली हवा प्रसरणात बरीचशी ऊर्जा परत देते. म्हणून लिटरमागे पाहता जुन्या डिझेलचा एंजिन-ब्रेक घर्षणावरच अवलंबून राहतो. साडेपाच-पावणेसहा लिटरच्या एंजिनाचे हे घर्षण दोन हजार फेऱ्यांवर अंदाजे १५ किलोवॅटच्या घरात जाईल. म्हणजे आंबेनळीच्या सरासरी उतारास पुरेल, तीव्र तुकड्यांस पुरणार नाही. धुराड्यात पडदा टाकून एंजिनाला स्वतःच्या उच्छ्वासाविरुद्ध श्रम करावयास लावणारा एक्झॉस्ट ब्रेक या उणिवेपोटीच मालमोटारींत आला. २०२३ च्या गणेशोत्सवाच्या सुमारास कशेडीच्या बोगद्याची एक बाजू वाहतुकीस खुली झाल्यापासून त्या मार्गावरील चढउतार बराच टळू लागला. आंबेनळी व वरंधा यांस असा पर्याय नाही.

विद्यार्थ्याच्या वडिलांची गाडी अद्याप उत्तराची वाट पाहत आहे, तिकडे वळू.

मोडीतील मोटारीचे इंजेक्शन बसविण्याच्या सूचनेविरुद्ध मी स्पष्ट मत दिले. पेट्रोल-अंतःक्षेपणाचे गणकयंत्र प्रत्येक वेगास व प्रत्येक भारास किती इंधन द्यावयाचे याचा एक तक्ता बाळगते. तो तक्ता त्याच जातीच्या एंजिनावर, पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या संस्थेत असते तशा चाचणीमंचावर महिनोन् महिने काम करून तयार होतो. धुराड्यातील प्राणवायू-संवेदक त्या तक्त्याच्या चुका सुधारतो हे खरे, पण जुन्या प्रणालींत ही सुधारणा मध्यम भारापुरतीच असते. पूर्ण भाराला गणकयंत्र संवेदकाकडे पाहणे सोडून तक्त्यावर विसंबते. घाट चढणारी मालमोटार तर पूर्ण भारालाच असते. सव्वा लिटरच्या मोटारीचा तक्ता चार लिटरच्या एंजिनाला नेमक्या त्याच वेळी लागू केला जाणार! मिश्रण तेथे क्षीण निघाले, तर झडपा जळतील.

डिझेल एंजिन बसविण्याची सूचना तत्त्वतः योग्य होती. पण मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार एंजिनबदलास नोंदणी अधिकाऱ्याची अनुमती लागते, म्हणजे पेणच्या परिवहन कार्यालयाचे उंबरठे आले. गिअर, क्लच, एंजिनाचे आधार बदलणे आले. गाडी रोज शंभर किलोमीटर चालत असती तर हा सारा खर्च दोन वर्षांत निघाला असता. ही गाडी आठवड्यातून दोन फेऱ्या करते. नवीच गाडी घ्यावयाची असती तर प्रश्नच उरला नसता, कारण नव्या गाडीत कार्ब्युरेटर मिळत नाही. 'छोटा हत्ती' म्हणून लोकांनी आपलीशी केलेली लहान मालमोटारसुद्धा पेट्रोलवर घेतली तर बहुबिंदू-अंतःक्षेपणानेच येते. तेथे निवड मानकांनी आधीच केलेली आहे.

तेव्हा कार्ब्युरेटर ठेवावा, पंप टाकीजवळ न्यावा, आडोसा द्यावा, आणि वाटीची दिशा व फ्लोटची पातळी तपासावी, असे ठरले. राहता राहिला जेट, आणि तेथे एक अनपेक्षित गोष्ट हाती लागली. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण २०२२ साली १० टक्क्यांवर व २०२५ साली २० टक्क्यांवर गेले. इथेनॉलमध्ये प्राणवायू अंगचाच असल्यामुळे त्यास ज्वलनासाठी हवेचे ९ भागच पुरतात. २० टक्के मिश्रणास १३.५. लष्कराने शुद्ध पेट्रोलसाठी बसविलेला जुना जेट आज या मिश्रणावर सुमारे ८ टक्के क्षीण चालतो. अंतःक्षेपणाच्या गाडीत संवेदक हे ओळखून मध्यम भाराला तरी हप्ता वाढवितो; कार्ब्युरेटरला सांगणारे कोणी नाही. पूर्ण भाराला हे एंजिन पूर्वी सुरक्षित समृद्ध बाजूस असे, ते आता अधिक तापणाऱ्या बाजूस सरकले आहे. मध्यम भाराला ते अडखळते. महाबळेश्वरी विरळ हवेने येणारी ७ टक्के समृद्धी हा दोष जवळजवळ भरून काढते, म्हणूनच 'वर गेली की गाडी छान चालते' असे वडील म्हणत, आणि आम्ही त्यावर विश्वास ठेवीत नव्हतो.

जेट महाडच्या हवेसाठी बसवावा की वरच्या? वरच्यासाठी बसविल्यास खाली, ऐन पोलादपूरच्या चढणीवर व उन्हात, मिश्रण क्षीण पडून एंजिन तापेल. महाडसाठी बसविल्यास वर ते ७ टक्के समृद्ध चालून थोडे पेट्रोल वाया जाईल व प्लग काळवंडतील. जळालेल्या झडपेपेक्षा काळा प्लग परवडतो. ८ टक्के अधिक प्रवाहासाठी छिद्राचे क्षेत्रफळ ८ टक्क्यांनी, म्हणजे व्यास ४ टक्क्यांनी वाढवावा लागतो. दीड मिलिमीटरचा जेट असल्यास १.५६ मिलिमीटर. जुन्या पडद्याचे रबर व वाटीतील गॅस्केट इथेनॉल सहन करणाऱ्या जातीचे घालावे. विद्यार्थ्याने हे आकडे वहीच्या मागील पानावर उतरवून घेतले व दिवाळीच्या सुटीत जेट बदलून पाहतो असे सांगून तो गेला.